चोरओटी

मार्कहॅम,
दि. ६ एप्रिल २०२५

ती. सौ. इंदूताईस,
नीलिमाचा सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राचा फोटो पोचला. दुसऱ्या पानावर खाली तुझा अंगठा आला आहे, त्यामुळे भाऊजींच्या मोतीबिंदूचं पुढे काय ठरलं ते अंगठ्याखालीच राहिलं. तेवढं पुन्हा कळव. तुझे कान गेल्यापासून फोनवर आपण दोघी नुसत्या हॅलो हॅलो करत बसायचो. त्यापेक्षा कागदावर लिहून त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकायची तुझी युक्ती फार बरी. फक्त शाळेतली सवय सोड आणि माझी पत्रं लाल पेनाने तपासून परत पाठवू नकोस. एकोणसाठ वर्षांची झाले मी.

आता खरी बातमी. आपल्या अबोलीला पाचवा महिना लागला! आतापर्यंत मुद्दामच कोणाला सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वीचं तुला ठाऊकच आहे. ऑगस्टच्या वीस तारखेच्या आसपास सांगितलं आहे. तब्येत छान आहे, जावईबापू तिला बर्फाच्या फावड्याला हातसुद्धा लावू देत नाहीत. एप्रिल लागला तरी बर्फ पडतोच आहे, गाडीचे विंटर टायर अजून उतरवले नाहीत.

तिची मैत्रीण सलोनी हिने १४ जूनला डोहाळजेवण ठरवलं आहे, स्कारबरोला अबोलीच्याच घरी, बेसमेंटमध्ये. माझी तुला एकच विनंती आहे. तू ये आणि अबोलीची ओटी भर. तू सवाष्ण आहेस, सख्खी मावशी आहेस, तुझ्यापेक्षा जवळचं कोण? मी तेव्हा इथे नसेन. माझे कॅलगरीचे दीर सूर्यकांत बरेच दिवस बोलावताहेत, त्यांच्याकडे दहा ते सतरा जून जाऊन यायचं ठरवलं आहे. तिकीट काढलं. समारंभात माझं तसं काही काम नाही.

अबोलीच्या पीएचडीचं शेवटचं वर्ष आहे. विषय तुला सांगितला होता, जुन्या रोममधल्या बायकांची व्रतवैकल्यं. परवा तिने मला एका देवीबद्दल सांगितलं. मातेर मातूता. अकरा जूनला तिचा सण. मूर्तीला हार घालायचा तो फक्त एकदाच लग्न झालेल्या बाईने. दासींना देवळात बंदी. पण दरवर्षी एका दासीला मुद्दाम आत आणायच्या, थापडा मारायच्या आणि हाकलून द्यायच्या. आणि कहर म्हणजे आईने स्वतःच्या मुलांसाठी काही मागायचं नाही! बहिणीच्या मुलांना कडेवर घ्यायचं आणि त्यांच्यासाठी मागायचं. असं का, म्हणून मी विचारलं, तर म्हणे का ते नक्की कोणालाच माहीत नाही, त्यावरच ती तीनशे पानं लिहिते आहे. आपण तर आधीपासूनच म्हणतो, माय मरो पण मावशी जगो. त्याला तीनशे पानं कशाला लागतात?

व्हिसाचा अर्ज लवकर कर. भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो या खेपेला विमानात बसून येऊ दे.

तुझी,
नीलिमा

*

मिरज,
दि. ११ एप्रिल २०२५

चि. नीलिमास,
अ. उ. आ.

बातमी वाचून मी ह्यांना पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. ह्यांचं म्हणणं, शेजारच्या तीन घरांना पण कळलं. कळू दे. कान गेले की आवाज आपोआप वाढतो. मोतीबिंदूचं असं की उजव्या डोळ्याचा झाला, डाव्याचा जूनमध्ये आहे. अंगठ्याखाली एवढंच होतं.

अबोलीला माझे खूप आशीर्वाद सांग. पण बाई, तुझं पत्र मी चार वेळा वाचलं आणि चारही वेळा मला त्याचा अर्थ लागला नाही. एकुलत्या एक लेकीचं डोहाळजेवण, तेही देवाने दुसऱ्यांदा दाखवलेल्या आशेचं, आणि आई निघाली कॅलगरीला दिराकडे! सूर्यकांत भावजी काय जुलैत तिथून उठून जाणार आहेत? माझी तीस वर्षं आठवीच्या वर्गात गेली. पोट दुखतंय म्हणून घरी जाणारी मुलगी खरी कोणती आणि गृहपाठ न केलेली कोणती, ते मला चेहऱ्यावरून कळायचं. तुझा चेहरा इथून दिसत नाही, पण अक्षर दिसतं. कॅलगरी हा शब्द तू इतर शब्दांपेक्षा घाईने लिहिला आहेस.

आणि ओटीचं म्हणशील, तर मला जरा हसू आलं आणि जरा राग आला. दोन्ही सांगते, कारण तुझ्याशी आडपडदा नाही. ओटी भरायला नुसती सवाष्ण चालत नाही, लेकुरवाळी लागते. हा नियम मी केलेला नाही, पण चाळीस वर्षं मी तो पाळते आहे. माझ्या हाताने आजवर एकीचीही ओटी भरलेली नाही. कोणी बोलावलंच नाही. तुझ्याही डोहाळजेवणाला मी दोन दिवस आधी आले होते. आठवतं? तुझ्यासाठी हिरवा खण घेऊन आले होते, इरकली, लाल काठाचा. तुझ्या सासूबाई मला गोड हसून म्हणाल्या होत्या की इंदूताई, तुम्ही जरा आत बघा, बाहेर फार गर्दी झाली आहे. बाहेर नऊ बायका होत्या. मी आत सहा नारळ खवले आणि खण पिशवीत घालून परत आणला. तुझ्या त्या रोमच्या दासीला थापड मारून हाकलत होते म्हणतेस, माझं तिच्यापेक्षा बरंच बरं झालं. मला थापड मारली नाही कोणी, खवणी दिली.

हे तुला बोल लावायला लिहीत नाही. तू तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीसची, पाटावर बसलेली, तू काय बोलणार होतीस? पण बत्तीस वर्षांनी तोच हात तुला एकदम शुभ कसा वाटायला लागला, ते मला समजावून सांग. मी खरंच गोंधळले आहे.

ह्यांचा आशीर्वाद. माया आहे म्हणून टोचून लिहिते, तिच्यात उणं येऊ देऊ नकोस.

तुझी,
इंदूताई

*

स्कारबरो,
दि. २० एप्रिल २०२५

ती. सौ. मावशीस,
अबोलीचा सा. न.

पुढचं वि. वि. म्हणजे काय ते बाबांनी शिकवलं होतं, पण आता आठवत नाही, सो ते तू धरून चाल. माझं मराठी संडे स्कूलचं आहे, हसू नकोस. टाइप करणार होते, पण आई म्हणाली होती की तुला हातचं अक्षर लागतं.

मावशी, मी ठीक आहे, बेबी ठीक आहे, जयदीप जरा जास्तच ठीक आहे. त्याने बेबीच्या रूमसाठी तीन वेगवेगळे पडदे ऑर्डर केलेत आणि तिन्ही रिटर्न केलेत. मी तुला लिहितेय ते आईबद्दल. मला आई कळेनाशी झालीये.

ती दर बुधवारी मार्कहॅमहून ड्राइव्ह करून येते. डबे आणते. मेथीचे ठेपले, नाचणीचं सत्त्व, सगळं. पण आत येत नाही! पिशवी दाराच्या नॉबला लावते, बेल वाजवते आणि मी दार उघडेपर्यंत गाडीत जाऊन बसते. मग काचेतून हात करते. मी बाहेर गेले की खिडकी अर्धी खाली करून विचारते, झोप लागते का, पाय सुजले का. एकदा मी तिचा हात धरून पोटावर ठेवायला गेले तर तिने असा झटकन मागे घेतला की मीच दचकले. आणि आता कॅलगरी.

मला वाटतं, शी ब्लेम्स मी. मागच्या वेळी फेब्रुवारीत मी ड्राइव्हवे शोव्हल केला होता. ती तेव्हा खूप रागावली होती. मग बेबी गेलं. त्यानंतर तिने त्याबद्दल एक शब्दही काढला नाही, आणि मी पण काढला नाही. बहुतेक तिला वाटतं की मी नीट काळजी घेतली नाही आणि या वेळी जवळ येऊन पुन्हा हार्टब्रेक नको. असं असेल तर असू दे, पण मग तिने सांगावं ना.

गंमत म्हणजे हेच सगळं मी दिवसभर लायब्ररीत वाचते. कोणती बाई देवीला हात लावू शकते, कोणती नाही, कोण आत, कोण बाहेर. त्या थापड खाणाऱ्या दासीचं नाव कुठेच लिहिलेलं नाही, मी तीन वर्षं शोधतेय. एकदाच लग्न झालेली बाई लकी मानायचे. तिचा नवरा वारला आणि तिने दुसरं लग्न केलं नाही, तरी तिचा तो मान जात नसे. मागे मार्कहॅमला गेले तेव्हा मी हे आईला सांगितलं, की रोममध्ये तू क्वालिफाय झाली असतीस. मला वाटलं ती हसेल. ती उठून भांडी घासायला लागली.

मला कोणाच्या लकची गरज नाहीये, मावशी. मला आईने ओटी भरायला हवीये. ती नसेल तर मी सलोनीला सांगणार आहे की फंक्शन कॅन्सल. तू तिची मोठी बहीण आहेस, तू विचार. मला विचारायची भीती वाटते. तिने खरंच हो म्हटलं तर?

काकांना नमस्कार. लोभ असू दे, मला सध्या जास्त लागतो.

तुझी,
अबोली

*

मिरज,
दि. २४ एप्रिल २०२५

चि. नीलिमास,
अ. उ. आ.

आज बाकीच्या गप्पा नाहीत. लेकीच्या पोटाला हात लावत नाहीस म्हणे. पिशवी दाराला अडकवून गाडीत जाऊन बसतेस म्हणे. ती पोर समजते आहे की तू तिला दोष देतेस, बर्फ उपसला म्हणून. खरं आहे का? खरं असेल तर तुझ्यासारखी कठोर तूच, आणि खरं नसेल तर मग काय आहे ते मला लिही. मी तुझ्याहून सात वर्षांनी मोठी आहे, लहानपणी तुझे दात पडले तेव्हा ते छपरावर मी टाकले आहेत. माझ्यापासून काय लपवतेस?

उत्तर आल्याशिवाय व्हिसाचा अर्ज भरणार नाही. रागाच्या खालीही लोभच आहे, तो ओळख.

तुझी,
इंदूताई

*

मार्कहॅम,
दि. ४ मे २०२५

ती. सौ. इंदूताईस,
सा. न. वि. वि.

दहा दिवस पत्र टाळलं. घरातली सगळी कपाटं आवरून झाली, आता आवरायलाही काही उरलं नाही, म्हणून लिहिते. हे अबोलीला कळता कामा नये. तुला माझी शपथ आहे.

हेमचंद्र जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. अबोलीला तिसरा महिना होता. जयदीप कामासाठी ओटावाला गेला होता आणि ती एका दुपारी, न कळवता, एकटीच माझ्याकडे आली. ताई, ह्यांच्या मागे मी चहा-पोळी खाऊन दिवस काढत होते. त्या दिवशी मात्र सकाळपासून काय वाटलं कोण जाणे, मी वरण-भात, बटाट्याची भाजी, सगळं केलं होतं. तिला दारात बघून मला इतका आनंद झाला की मनात आलं, हिची चोरओटी भरावी. तिसऱ्या महिन्यात घरच्या घरी, कोणाला न सांगता भरतात, म्हणूनच ती चोरओटी. आईने माझी भरली होती. मग म्हटलं, मी का नको? बघायला कोण आहे इथे?

तिला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं, ओढणीचा पदर पसरायला लावला. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, ग्रोसरीत मिळालेली खारीक, सगळं घातलं. कुंकू तेवढं लावलं नाही, एवढं भान राहिलं. ती पदर तसाच धरून बसली आणि मग हमसून हमसून रडायला लागली. मला वाटलं, बाबांची आठवण आली. मीही रडले.

नवव्या दिवशी तिला हॉस्पिटलमध्ये नेलं आणि सगळं संपलं.

आता तूच सांग मी काय समजू? बर्फाचं तर माझ्या डोक्यातही नाही, मी तिला कशाला दोष देईन? माझाच हात होता तो. मी बँकेत वीस वर्षं नोकरी केली, दुसऱ्या बायकांना सांगत आले की असल्या गोष्टी मानू नका. हेमचंद्र गेले तेव्हा मंडळातल्या एकीने मला हळदीकुंकवाला बोलावलं नाही, तर मी तिच्याशी वर्षभर बोलले नाही. आणि आता मीच लेकीच्या दाराशी जाते आणि हात मागे घेते. माझा विश्वास आहे की नाही तेच मला कळत नाही. नाही म्हणावं तर भीती जात नाही. आहे म्हणावं तर लाज वाटते. रोममध्ये मी चालले असते असं अबोलीने सांगितलं तेव्हा मला भांड्यांकडेच वळावंसं वाटलं. रोमने मला पास केलं म्हणून माझ्या तांदळाने काय केलं ते थोडंच पुसलं जातं?

आणि ताई, तुझ्या खणाचं. मला ते आठवतं. तू आत गेलीस ते मी पाहिलं होतं, खवणीचा आवाजही ऐकू येत होता. मी सत्तावीसची होते म्हणून गप्प बसले असं तू लिहिलंस, ते खरं नाही. मला तेव्हा वाटलं होतं की सासूबाई म्हणतात ते बरोबरच असेल, पोटात बाळ आहे, कशाला उगाच. मी तुझ्या हाताला घाबरले होते. आज माझा हात मागे घ्यावा लागतो तेव्हा मला तुझा हात आठवला आणि निर्लज्जासारखी तोच मागायला आले. माफ कर म्हणायचंही तोंड नाही.

लोभ राहिला असेल तर तो तसाच राहू दे, वाढावा असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

तुझी,
नीलिमा

*

मिरज,
दि. ९ मे २०२५

चि. सौ. अबोलीस,
अ. उ. आ.

बाळ, तुझ्या आईने मला स्वतःची शपथ घालून एक पत्र लिहिलं आहे. ती शपथ मी मोडते आहे. सोबत पत्राचे तिन्ही फोटो जोडले आहेत, कुठेही अंगठा येऊ दिलेला नाही. बरोबर करते की चूक ते मला माहीत नाही. चार दिवस मी देवाला विचारलं, ह्यांना विचारलं. देव काही बोलला नाही. हे म्हणाले की तू तर पाठवणारच आहेस, मला कशाला विचारतेस.

वाच आणि तुझं तू ठरव. तुझी आई तुला दोष देत नाही, एवढं मी सांगते. बाकी ते वाचून कळेल.

खणाबद्दल तिने जे लिहिलं आहे ते वाचून मला एक दिवस जेवण गेलं नाही. म्हणजे तिला ऐकू येत होतं. मी इतकी वर्षं समजत होते की ती बिचारी पाटावर अडकली होती. दुसऱ्या दिवशी मात्र वाटलं, की लिहिलं तरी. बत्तीस वर्षांनी का होईना, खरं लिहिलं. माझी धाकटी बहीण भित्री आहे, खोटारडी नाही.

मी जूनमध्ये येत नाही. ह्यांच्या डाव्या डोळ्याची तारीख बारा जून मिळाली हे एक कारण, पण ते निमित्त आहे. मी तिथे आले की ती माझ्या मागे लपणार. सप्टेंबरमध्ये बारशाला येईन, अर्ज भरायला घेतला आहे. तुमच्या देवीच्या बायका बहिणीच्या मुलांसाठी का मागत होत्या ते मला ठाऊक नाही. पण मी विचार करत बसले होते. नीलिमाला मूल आहे, नवरा नाही. मला नवरा आहे, मूल नाही. नियमाप्रमाणे दोघी अर्ध्या अर्ध्या. बेरीज केली तर एक लेकुरवाळी सवाष्ण होते! गणित माझा विषय नव्हता, पण एवढं जमतं.

एक पार्सल पोस्टाने पाठवते आहे. ते तुझ्या आईच्या हातात दे.

जयदीपला आशीर्वाद. तुझ्यावरचा लोभ मोजायला मला कधी मूल असावं लागलं नाही.

तुझी,
मावशी

*

स्कारबरो,
दि. ११ मे २०२५

ती. आईस,
अबोलीचा सा. न.

हे पत्र मी तुझ्या दाराच्या नॉबला लावून जाणार आहे, पिशवीत. पिशवी तुझीच आहे. आज मदर्स डे आहे आणि मला फुलं घेऊन समोर उभं राहायची हिंमत नाहीये.

मावशीने तुझं पत्र मला पाठवलं. तिच्यावर चिडू नकोस. चिडायचंच तर हे पूर्ण वाच आणि माझ्यावर चिड.

आई, त्या दिवशी सकाळी साडेनऊला माझा अल्ट्रासाऊंड होता. टेक्निशियन छान बोलत होती, माझ्या बुटांबद्दल काहीतरी, आणि मग मध्येच बोलायची थांबली. स्क्रीन स्वतःकडे वळवली. अर्ध्या तासाने डॉक्टर आली आणि म्हणाली की हार्टबीट नाहीये. बेबी तीन आठवड्यांपूर्वीच वाढायचं थांबलं होतं. मला काही कळलंच नव्हतं. तिने मला पुढच्या आठवड्यातली प्रोसिजरची डेट दिली. तीच ती नवव्या दिवसाची तारीख, आई. ती त्या सकाळीच ठरली होती.

जयदीप ओटावाला होता. मी पार्किंगमध्ये किती वेळ बसले मला आठवत नाही. मग तुझ्याकडे आले. तुला सांगायलाच आले होते. पण तू दार उघडलंस आणि घरात फोडणीचा वास होता. बाबा गेल्यापासून तुझ्या घरात कसलाच वास नसायचा. तू माझ्याकडे बघून हसलीस आणि नारळ शोधायला लागलीस, आणि खालच्या कपाटात डोकं घालून काहीतरी गुणगुणत होतीस. तू म्हणालीस पदर पसर. मी पसरला.

तू तांदूळ घालत होतीस तेव्हा मला माहीत होतं, आई. म्हणून मी रडत होते. तुझ्या हाताने काही गेलं नाही. जे गेलं होतं ते आधीच गेलं होतं, आणि तू रिकाम्या पोटाची ओटी भरत होतीस आणि मी भरू दिली, कारण आठ महिन्यांत त्या दिवशी तू पहिल्यांदा जेवली होतीस.

मग घरी गेल्यावर फोनवर सांगीन म्हटलं, ते राहिलं. उद्या, उद्या करत नऊ दिवस गेले. नंतर तू गप्प झालीस आणि मला वाटलं तुला माझा राग आलाय. दोन वर्षं तू समजत होतीस की तुझ्यामुळे झालं आणि मी समजत होते की तुला वाटतं माझ्यामुळे झालं. मी बायकांच्या सायलेन्सवर एक पूर्ण चॅप्टर लिहिलाय, आई. दोन हजार वर्षांपूर्वीच्या. आणि वीस मिनिटांवर राहणाऱ्या बाईला मी साधं विचारलं नाही.

मला माहीत नाही तू काय मानतेस. तुलाही माहीत नाहीये असं तू लिहिलंस, ते मला बरं वाटलं. मला माफ कर. कॅलगरीला जाऊ नकोस.

लोभ आहे ना? नसला तरी बुधवारी ये, आणि आत ये.

तुझी,
अबोली

*

मार्कहॅम,
दि. १५ जून २०२५

ती. सौ. इंदूताईस,
नीलिमाचा सा. न. वि. वि.

भाऊजींचा डोळा उत्तम झाला हे वाचून बरं वाटलं. काल व्हिडिओवर तू सगळं पाहिलंस, पण ऐकू काही आलं नाही आणि मध्ये मध्ये काय म्हणाली, काय म्हणाली असं ओरडत होतीस, म्हणून आज सविस्तर लिहिते.

कॅलगरीचं तिकीट रद्द केलं. शपथ मोडल्याबद्दल मी तुझ्यावर रागावले आहे, ती नोंद असू दे. अबोलीचं पत्र वाचलं त्या दिवशी मी तशीच घरच्या चपलांवर गाडी काढून तिच्याकडे गेले. आम्ही दोघी काय बोललो ते मला सांगता येणार नाही, कारण फारसं बोललोच नाही. माझी पोर त्या दुपारी माझ्या स्वयंपाकघरात कशी बसली असेल, हे मात्र मनातून जात नाही. मी तिला वाढलेलं सगळं तिने खाल्लं होतं गं. दुसऱ्यांदा भातही मागितला होता.

काल पंचवीस बायका होत्या. मी जीव मुठीत धरून होते की मंडळातली कोणी काही म्हणेल. कोणी काही म्हणालं नाही. अर्ध्या जणी गाड्या कुठे लावायच्या या काळजीत होत्या आणि बाकीच्या फोटो काढण्यात. दोन वर्षं मी ज्यांना घाबरत होते, त्यांना माझ्याकडे बघायलाही सवड नव्हती. अबोलीने त्या रोमच्या देवीच्या नैवेद्याच्या पिवळ्या वड्या मातीच्या भांड्यात भाजून केल्या होत्या. त्या इतक्या कडक झाल्या की सलोनीने त्या चहात बुडवून खाल्ल्या.

मग ओटीची वेळ आली. तुझं पार्सल मी आदल्या दिवशी उघडलं होतं. हिरवा खण. बत्तीस वर्षं एकाच घडीत राहून घडीवर रंग थोडा उतरला आहे, लाल काठ मात्र तसाच आहे. तू चिठ्ठी घातली नव्हतीस. नको होतीच. मी तो हातात घेऊन बराच वेळ जिन्यावर बसले होते.

अबोली पाटावर बसली, पदर पसरला. मी खण ठेवला, नारळ ठेवला, तांदूळ घातले. मोठ्याने म्हणाले की ही ओटी तुझ्या इंदूमावशीची, माझा नुसता हात. तुझं म्हणणं खरं झालं, ताई. तू आली नाहीस तरी मी तुझ्या खणामागे लपलेच. तांदूळ घालून मी मागे सरकले. दुसऱ्या बायका पुढे यायला लागल्या, पण अबोलीने पदर कोणापुढे केला नाही. तसाच माझ्याकडे धरून बसून राहिली. तू व्हिडिओवर काय म्हणाली, काय म्हणाली करत होतीस ते तेव्हाच.

ती म्हणाली की मावशीची झाली, आता तुझी भर.

सगळ्या जणी थांबल्या होत्या. अर्धे तांदूळ पाटाखाली सांडले. पण भरली. कुंकूही लावलं.

मला अजून काहीच कळलेलं नाही. मी काय मानते आणि काय नाही, विचारू नकोस. ऑगस्टपर्यंत मला रोज भीती वाटणार आहे आणि तरी मी रोज तिच्या घरी आत जाऊन बसणार आहे. रात्री अबोलीने खण पुन्हा घडी करून माझ्या हातात दिला आणि म्हणाली की मावशी आली की तिच्या हातूनही भरून घ्यायची आहे, बाळ मांडीवर घेऊन. असा काही विधी नाही म्हणून मी सांगितलं. ती म्हणाली की आता आहे.

तेव्हा व्हिसाचं बघ. या वेळी तुला आत कोणी पाठवणार नाही, नारळ मी आधीच खवून ठेवीन. लोभ तू माझ्यापुरता राखलास, तो उरलेला सप्टेंबरमध्ये घेऊन ये.

तुझी,
नीलिमा